नानांनी पाणी काढायला लावलं

आमच्या नानांचं तुम्हाला कधी सांगितलंच नाही. नाना म्हणजे माझे सासरे. सोनगीरला गावाच्या नळाला पाणी सोडायची नोकरी त्यांनी आयुष्यभर केली. मी तेव्हा जळगावला पीएचडी करत होते. एका जंतूच्या पेशीत कशापासून काय बनतं, त्याचं भलंमोठं जाळं गणिताने कामांप्रमाणे गटांत तोडायचं होतं. सादरीकरण दोन दिवसांवर आलेलं, आणि संगणक सगळ्याचा एकच गट दाखवत होता. मी अगदी रडकुंडीला आले.

तेव्हा नाना आमच्याकडे जळगावला आले होते; त्यांनी पडद्यावरच्या जाळ्यावर बोट ठेवलं. "हाई मधमा काय शे?"

"पाणी. ते बहुतेक क्रियांमध्ये असतंच."

"पानी ते बठ्ठास्ना घर जास. त्यानावरतून भाऊबंद कसा समजतीन? काढी टाक त्याले!"

खरंच, सगळ्यांच्याच घरी जाणाऱ्या पाण्याने सगळं एकत्र जोडलं होतं, त्यावरून कोण कुणाचं ते कसं कळणार? मी पाणी आणि तसेच सगळीकडे हजर असणारे दोन-चार पदार्थ वगळून गणित पुन्हा चालवलं. साखर मोडणारा गट वेगळा, चरबी बनवणारा वेगळा. मी आनंदाने ओरडलेच! नाना मात्र गंभीर.

"पन पानी काढं, ते तो जंतू मरी नई गया का?"

"नाही हो नाना, फक्त चित्रातून काढलंय."

"मंग ठीक शे," नाना म्हणाले. "माले वाटनं, मीच त्याले मारं."