मोजणीचा दिवस

(उत्तर जपान. डिसेंबरची बारा तारीख. बाप तोकुजी डोंगराच्या पायथ्याशी घरात, मुलगी चिगुसा वर रानात. बोलणं वॉकीटॉकीवर.)

तोकुजी : रागावत नाही म्हटलं ना. आधी सांग, रेंजी सापडला का?

चिगुसा : त्याच्या स्कीच्या रेघा सापडल्यात. कडेकडेनं उतरतेय. बाबा, काय बर्फ पडलाय रात्री! नुसती तांदळाची पिठी. कमरेपर्यंत बुडतेय, तरी पायाखाली काही आहे असं वाटतच नाही. परत वर जाऊन पुन्हा उतरावंसं वाटतंय.

तोकुजी : भुलू नको. तोही असाच भुलला. आजच्या दिवशी डोंगरात पाय ठेवायचा नाही, म्हणून कानीकपाळी ओरडत आलोय मी.

चिगुसा : डोंगराची देवी आज तिची झाडं मोजते, माणूस दिसला तर त्यालाही झाड म्हणून मोजते. पाठ आहे मला. तुमच्या धाकट्या चिरंजीवांना सांगा.

तोकुजी : त्याला काय सांगणार, कपाळ! ताजा बर्फ दिसला की डोकं ठिकाणावर नसतं त्याचं. सगळं गाव आज घरात बसलंय आणि माझी दोन्ही पोरं वर. तू हलती राहा. झाडं हलत नाहीत, एवढं ध्यानात ठेव.

चिगुसा : बरं. बाबा, मघापासून कुणीतरी पुटपुटतंय.

तोकुजी : काय पुटपुटतंय?

चिगुसा : आकडे.

तोकुजी : वारा असेल.

चिगुसा : वारा अजिबात नाही. थांबा. रेघा संपल्या.

तोकुजी : वळल्या असतील कुठंतरी.

चिगुसा : नाही. एका झाडापाशी येऊन संपल्यात. पलीकडे काहीच नाही, पडल्याची खूणसुद्धा नाही. फरचं कोवळं झाड आहे, रेंजीएवढं उंच. बाकीची झाडं बर्फानं वाकलीत, याच्यावर कणही नाही. आणि फांदीत हातमोजा आहे. निळा, आईनं विणलेला.

तोकुजी : चिगुसा, ऐक. हात लावू नको. पाठ फिरव आणि खाली ये.

चिगुसा : त्याला सोडून?

तोकुजी : हो, सोडून. बाप सांगतोय तुला.

चिगुसा : त्याला अंधाराची भीती वाटते, तुम्हाला माहीत आहे. लहानपणी माझी बाही धरून झोपायचा. थोडा वेळ उभी राहते याच्याजवळ.

तोकुजी : उभी राहू नको. हात जोडतो तुला, पाय हलव. ते नाही जमलं तर बोलत तरी राहा. झाडं बोलत नाहीत.

चिगुसा : थंडी नाही वाजत इथं. पाय कसे छान रुतलेत. हळू बोला, जवळ आलीय ती. रेंजीला मोजलं.

तोकुजी : चिगुसा?

तोकुजी : बाळ, नुसतं हूं म्हण.