कलुंदे मला 'आपण' म्हणाली

आणि वर विचारते काय, तर "सिवातूताई, आपली खवणी जरा नेऊ का?" आपली! जरा! नेऊ का! अहो, ही कलुंदे, कुंपणापलीकडची, हिनं जन्मात माझ्या घरातलं काही विचारून नेलेलं नाही. एकदा तर चुलीवरचं माशाचं कालवण भांड्यासकट उचलून नेलं, मी मागच्या दारी हात धूत होते तेवढ्यात, आणि कुंपणावरून ओरडली, "थेरडे, मीठ कमी पडलंय!" अशी बाई मला विचारते, नेऊ का? तुम्हाला सांगते, लक्षण बरं नव्हे.

परवा रेडिओवर एक पोरगा फुटबॉलबद्दल बडबडत होता… शत्रू, विरोधक, प्रतिस्पर्धी, म्तानी, सगळं एकाच टोपलीत! मला राहवेना, मी रेडिओलाच सुनावलं. म्हटलं, बाळा, माशाला गुंडाळलेल्या वर्तमानपत्रांवर मी एकटी वाचायला शिकलेय, माझ्यासमोर शब्द असे सांडू नकोस. शत्रू कोण? ज्याच्या धाकानं विहिरीवर झाकण ठेवावं लागतं तो. विरोधक कोण? जो मांडवात मंचावर उभा राहून तुम्हाला चोर म्हणतो आणि खाली उतरून तुमच्याच ताटातला पुलाव खातो. प्रतिस्पर्धी ती, जी बाजारात मला खेटून बसते आणि मी केळी कापली की हीसुद्धा केळी कापते. सवतीचं तर बोलायलाच लावू नका, मला एक होती, ती मेली तेव्हा मी नवऱ्यापेक्षा जास्त रडले, का ते अजून कळलेलं नाही. आणि म्तानी? म्तानी ती, जी यातलं सगळं तुम्हाला तोंडावर म्हणते आणि तुम्हाला रागवायची परवानगीच नसते! आम्ही किनाऱ्यावरची झरामो जमात, कलुंदेचे लोक आतल्या मुलखातले न्यामवेझी. आमचे पणजे कधीतरी भांडले असतील, मग भाले खाली ठेवले असतील, आणि शिव्या तेवढ्या नातवंडांसाठी राखून ठेवल्या असतील. रागावलात की तुमचंच हसं.

तर अशी माझी हक्काची वैरीण, आणि ती मला 'आपण' म्हणाली!

दुसऱ्या दिवशी आली ती पेज घेऊन. झाकून! म्हणाली, "ताई, आपण दमत जाऊ नका." मी म्हटलं, "ओझेवाले, काय मिसळलंयस यात?" तर खाली मान घालून म्हणते, "थोडं आलं घातलंय." अहो, मी घामाघूम झाले! तुम्हीच विचार करा, चांगल्या धडधाकट बाईशी म्तानी असं बोलेल का? मी मरणार होते. सगळ्या गावाला कळलं होतं आणि मलाच कुणी सांगत नव्हतं! तशीच उठले आणि दवाखान्यात गेले. नर्सनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. "आजी, तुम्हाला काही झालेलं नाही." मी म्हटलं, "खरं सांग." "खरंच काही नाही." "मग कलुंदे माझ्याशी नीट का बोलते?" नर्स न्यामवेझीच निघाली. तिनं पट्टा घडी करून ठेवला आणि गंभीर होऊन म्हणाली, "नीट? हे मात्र लक्षण बरं नव्हे, आजी."

आता बोला!

घरी आले ती थेट कुंपणाशी. उभी राहिले आणि ठेवणीतलं काढलं. म्हटलं, "कलुंदे! तुझ्या पणज्यानं डोक्यावर हत्तीचे दात वाहून किनाऱ्यापर्यंत आणले, त्यात त्याची टाळू चेपली, आणि ती चेपलेली टाळू वारशानं तुला आली!" थांबले. एरवी यावर ती मला तिथंच गाडते. पण तिच्या डोळ्यांत पाणी! म्हणाली, "खरं आहे, ताई." आणि आत गेली. मला बसवेना, उठवेना. भात लागला तरी कळलं नाही.

तेवढ्यात माझा नातू आला, शोमारी. शर्ट धुतलेला, केस चोपलेले. "आजी, तुला एक सांगायचंय." मी म्हटलं, "मी किती दिवसांची सोबती आहे ते सांग." तो म्हणाला, "तसलं काही नाही गं! मला कलुंदेआजीच्या नातीशी, न्यामिझीशी लग्न करायचंय. शुक्रवारी मामालोक बोलणी करायला जाताहेत. तू नाही म्हणालीस तर नाही."

असं होय! अहो, ज्या घराशी सोयरीक, त्या घराशी थट्टा नाही, वर मान करून बोलणं नाही, आमच्यात असंच. पोरगं 'तू नाही म्हणालीस तर नाही' म्हणून मोकळं झालं! आणि ती न्यामिझी… गुणाची हो. शोधून नाव ठेवायला जागा नाही, मी शोधली.

शुक्रवारी मामालोक यायच्या आत मी कुंपण ओलांडलं. कलुंदे ओट्यावर बसलेली. म्हणाली, "ताई, मी बकरीसमोर सराव केला, 'आपण, आपण'. बकरीसुद्धा उठून गेली." मी म्हटलं, "अजून सोयरीक ठरलेली नाही, टवळे." तिनं मान वर केली. "नाही ना? मग ऐक, कसावाखाऊ! तुम्ही किनाऱ्याची माणसं नारळ आपणहून पडेपर्यंत उपाशी बसाल, आणि कुणी ढोल वाजवला की तिरडीवरचा उठून नाचेल!" तुम्हाला सांगते, काय बोललो आम्ही! तिनं माझी कवळी सोडली नाही, मी तिच्या मेलेल्या नवऱ्याचं घोरणं सोडलं नाही. हसून हसून पोटात कळ आली, ती माझ्या खांद्यावर पडली, मी तिच्या… आणि वाटेवर मामांच्या छत्र्या दिसल्या. दोघींनी अंगावरचा कांगा पदरासारखा डोक्यावर ओढला. ती म्हणाली, "यावं, विहीणबाई." मी म्हणाले, "आपण बसा."

ठरलं लग्न. मीच हो म्हटलं, दुसरं कोण म्हणणार? पण आमच्यात म्तानी मयताला येते ती मेलेल्याचे कपडे घालून, त्याची नक्कल करून, रडणाऱ्यांना हसवायला. माझी कमरेत वाकून चालण्याची नक्कल तिच्याइतकी कुणाला जमत नाही, चांगली घोटून ठेवली होती मेलीनं. आता मी गेले की ती विहीण म्हणून बायकांत पुढं बसेल, डोक्यावर पदर घेईल आणि रडेल. अगदी व्यवस्थित रडेल! असल्या मयताला मी तरी कशाला जाऊ?