साडेदहाचा वर्ग

मंडळी, बसा जरा. मागच्यांना ऐकू येतंय ना? मला भाषण जमत नाही. पण आज दुःखाहून जास्त मला राग आलाय, तो आधी सांगतो.

आपल्या मुख्याध्यापिका सावंतबाई शुक्रवारी गेल्या. मी त्यांच्या हाताखालचा, चौथीचा मास्तर. मघाशी शिक्षण विभागाचे साहेब म्हणाले, बाईंना परिवर्तनाचा ध्यास होता. वा! साहेब, त्या परिवर्तनाला कुलूप कोणी लावलं?

ह्या समोर कोळीवाड्यातल्या आया बसल्यात. रविवारचा धंदा टाकून आल्यात. ह्यांच्या पोरी सकाळी आईबरोबर बाजारात असतात, म्हणून शाळा सुटलेली. बाई घरोघर फिरल्या. एक आई म्हणाली, "पोरगी शाळेत गेली तर माझ्या हाताशी कोण?" बाई म्हणाल्या, "बाजार उरकून पाठव गं. मी थांबते." आणि थांबल्या हो! व्हरांड्यात साडेदहाचा वर्ग काढला. मासळीचा वास येतो म्हणून नाकं मुरडणारे आमच्या स्टाफरूममध्येच होते.

मग तपासणी आली. तपासणीच्या दिवशी कच्च्या मुलांना घरी ठेवायचं, ही आपल्या शाळांची रीत. कोण नाही करत? बाईंनी त्याच पोरींना पुढे बसवलं. एकीला वाचता येईना. हेच साहेब कडाडले, "हीच का तुमची प्रगती?" बाई म्हणाल्या, "गेल्या वर्षी ही शाळेतच नव्हती, साहेब."

झालं! साहेबांना झोंबलं. हुकूम आला. हा वर्ग सकाळ अधिवेशनात, म्हणजे सकाळच्या पाळीत बसत नाही, दुपारच्यातही बसत नाही, सबब येत्या सोमवारपासून बंद. अहो, मुलांची गळती थांबवा म्हणून परिपत्रकं तुम्हीच काढता ना? बाई तुमच्या कचेरीत खेटे घालत राहिल्या. गुरुवारी संध्याकाळपर्यंत बाहेर बाकावर बसल्या होत्या. आत या, एवढंसुद्धा कोणी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. डॉक्टर म्हणतात, हृदय. मी म्हणतो, तुमचा तो बाक.

असो. आता बाईंसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. उठा सगळे. साहेब, तुम्हीही उठा.

पण दोन मिनिटांवर भागणार नाही. उद्या तोच सोमवार. साडेदहाला पोरी दप्तरं घेऊन व्हरांड्यात येतील. वर्ग भरणार की नाही, हे तुम्ही आत्ता इथे सांगायचं. सांगेपर्यंत आमच्यातलं कोणीही खाली बसणार नाही.