पुलअपचं रबर

"हॅलो?… हो, त्याईचाच हाय हा नंबर. ते घरी नाईत. कोण बोलून राह्यलं?"

इंद्रजित फोन चार्जिंगला लावून पीठगिरणीवर गेला होता. आर्णीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात शीला तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. नवऱ्याचा फोन ती एरवी उचलत नसे. पण पडद्यावर 'रुपाली' असं नाव उमटलं, आणि हातातली शेंग तशीच टाकून ती उठली.

"जयभीम, जयभीम… कोण रुपाली?"

विचारायची खरं तर गरज नव्हती. रुपाली म्हणजे फुलसावंगीची. इंद्रजितच्या गावची, त्याच्याच वर्गातली, शाळेत कबड्डी गाजवलेली. आता यवतमाळला बायकांची व्यायामशाळा चालवणारी. शीलाच्या आधी इंद्रजितसाठी तिच्याच घरी बोलणी लागली होती आणि कशावरून तरी फिसकटली होती. ही गोष्ट नणंदेनं लग्नातच शीलाला हसत हसत सांगितली होती. तेव्हा शीलाही हसली होती.

"हो, मी शीलाच… वहिनी कायले म्हणता, नाव हाय मले… नाई, राग कायचा? बोला ना. मीच सांगते त्याईले… कायचं रबर?… पुलअपचं? म्हणजे ते पोरं बीम मारतेत तसं?… आमच्या घरी कोण मारते बीम?"

तिची नजर मधल्या दाराकडे गेली. चौकटीत वर लोखंडी पाइप घट्ट बसवलेला होता. परवाच इंद्रजितनं मिस्त्री बोलावून तो बसवून घेतला होता. ओले कपडे टाकायला, असं सांगून.

"हाय ना पाइप… मले तर कपड्यासाठी म्हणाले… बरं. तुमाले माहीत हाय तर… नाई, नाई, ऐका ना. तुमाले हे कवा सांगतलं त्याईनं?… मंगळवारी?… आन् त्याच्या आंधी?… म्हणजे नेहमीच बोलता तुमी… नाई, मी कुठी काय म्हणलं? बोलावं माणसानं. गावच्याच तुमी."

हे म्हणताना तिनं दाराला खांदा टेकला. कानाची पाळी तापली होती. मंगळवारी तो जेवायला उशिरा आला होता. रेंज नव्हती, गच्चीवर गेलो होतो, म्हणाला होता.

"पण हे बीम कायले पाहिजे त्याईले या वयात?… ठेकेदार?… काय म्हणाला ठेकेदार?… आंधी खांबावर चढून दाखव, मंगच काम?… थांबा, थांबा. काम थंड हाय म्हणून ते घरी हायेत… नाई?… मंग?"

इंद्रजित वीजवाहिनीच्या ठेकेदाराकडे वायरमन होता. गेल्या साली बोंडअळीनं कपाशीची सारी पऱ्हाटी खाल्ली. शीलाच्या सासऱ्यांना फवारणी झेपेना, म्हणून इंद्रजित सुट्टी घेऊन पाठीवर पंप बांधून वावरात उतरला, आणि औषध त्याला बाधलं. यवतमाळच्या दवाखान्यातून तो जगून आला, हिंडूफिरू लागला. शीलाच्या लेखी ती गोष्ट तिथंच संपली होती.

"हात कापतेत?… कवापासून?… कुठी सुटली पक्कड? खांबावर असताना?… खाली कोणी होतं का… बरं झालं, कोणाले लागलं नाई… नाई. मले नाई सांगतलं."

तिनं हात वर करून तो पाइप धरून पाहिला.

"हाव ना. कट नाई झाला… ऐकून राह्यली मी… मी घाबरन म्हणून?… मी? दवाखान्यात त्याईच्या तोंडाले फेस आला तवा कोण बसलं होतं उशाले? तुमी होत्या का?… नाई ना… मंग घाबरण्याचं तुमी नका सांगू मले… काय?… रडले?… तुमच्यासमोर?… फोनवर. बरं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, इंद्रजितला रडताना तिनं पाहिलं नव्हतं. आईच्या अंत्यविधीलाही तो कोरडाच उभा होता. आणि त्याचं ते रडू कुणा दुसरीच्या कानात गेलं होतं. पलीकडची बाई मात्र पुन्हा रबरावरच आली.

"हो, हो… लाल की हिरवं ते सांगा फक्त… रंगावर नाई? मंग कशावर?… रुंदीवर… म्हणजे रुंद असलं का आधार जास्त, अरुंद असलं का कमी… हं. पाइपाले अडकवून खालच्या फासात गुडघा टेकवाचा, मंग ते वर ढकलते… समजलं… आन् चुकीचं घेतलं तर?… बाप रे. एकदम सुटले खालती तर खांदाच निखळन… मंग त्याईनं कोणतं सांगतलं तुमाले?… सगळ्यात बारीक? काहून?… पाच मारतो म्हणाले बिनाआधाराचे?"

शीला इतक्या वेळात पहिल्यांदा हसली.

"खोटं हाय ते, ताई. काल बाजाराची थैली दोन हातानं आणली त्याईनं… हो. तुमाले खोटं सांगतलं."

म्हणजे तो तिच्याशीही खोटं बोलला होता. त्यात आनंद मानण्यासारखं काही नव्हतं, पण शीलाच्या छातीतलं काहीतरी सैल झालं. तेवढ्यात इंद्रजित पिठाचा डबा घेऊन दारात आला. बायकोच्या कानाला आपला फोन पाहिला आणि तिथंच थांबला.

"आले हे… नाई, देत नाई फोन. मलेच सांगा. किती जोर हाय ते कसं पाहाचं?… बरं… अजी, डबा ठेवा थो. पाइप धरा… धरा म्हणते ना. सारं सांगतलं मले रुपालीताईनं."

डबा खाली ठेवून त्यानं पाइप धरला.

"गुडघे मांगं दुमडा… हो ताई, दुमडले. मी पाय धरले खालून… आता वर चढा."

फोन खांद्यानं कानाशी दाबून तिनं त्याच्या नडग्या दोन्ही तळव्यांवर घेतल्या होत्या. तो वर खेचू लागला आणि थरथर त्याच्या दंडातून, पाठीतून, पायातून उतरत तिच्या हातात आली. शर्टाची बटणं तो आजकाल तिच्याकडे पाठ करून का लावायचा, ते तिला तेव्हा कळलं. तिनं खालून जोर लावला.

"अर्ध्यावर आले… नाई, हनुवटी नाई गेली वर… माया हातावर किती भार?… पाण्याचे भरले दोन गुंड उचलावं तितका… हो, निम्म्याच्या वर… मंग रुंदच ना?… सगळ्यात रुंद. मधलं मंग घेऊ, जमाले लागलं का… अजी, उतरा हळू. हळू… उतरले."

इंद्रजित चौकटीला टेकून धापा टाकत होता. त्यानं फोनसाठी हात पुढे केला. हात कापत होता आणि या वेळी त्यानं तो लपवला नाही.

"मागतेत फोन… स्पीकरवर?… नाई, स्पीकर खराब हाय याचा."

स्पीकर चांगला होता.

"ताई, तुमी माया नंबर लिहून घ्या. यापुढं काय विचाराचं ते मीच विचारन… नाई, तुमच्यावर भरोसा हाय. खरंच हाय. पण रडणं-बिडणं आलं तर इकडं पाठवत जा त्याईले… हो… रबर यायले वेळ लागन म्हणता?… लागू द्या. तवरोक मी धरते पाय. ठेवते."

पलीकडून अजून काही येत होतं. शीलानं ते ऐकलं नाही. तिनं फोन बंद केला.