डाव्या हाताची पाटी

...अन् वरून तो दुकानदार मलाच म्हणतो कसा, "भाभी, उल्टे हाथ का माल आताच नहीं, आप हाथ बदल लो ना!" हात बदल लो! तुम्हाला सांगते, चप्पल बदलायला सांगावी तसा हात बदलायला सांगितला त्यानं मला, भर पैठण गेटवर, चार माणसांत! अहो, मला पायजे काय होतं? एक पाटी अन् एक पेन!

साधी गोष्ट होती हो. मी इथं संभाजीनगरला सिडकोत घरीच ब्लाऊजवरच्या आरीकामाची डिझाइनं काढते. कागदावर मोर काढायचा, फोटो घ्यायचा, गिऱ्हाइकाला पाठवायचा, अन् गिऱ्हाईक म्हणणार, "मंजुषाताई, मोर जरासा खाली सरकवा ना!" आता कागदावरचा मोर काय हुश्श केलं की सरकतो व्हय? खोडा, पुन्हा काढा, कागद फाटला की पुन्हा पहिल्यापासून! तेवढ्यात एका पाहुणीनं सांगितलं, कॉम्प्युटरला जोडायची एक काळी पाटी मिळती, तिच्यावर पेन फिरवलं की चित्र स्क्रीनवर उमटतं, अन् मोर नुसता ओढला की सरकतो. ग्राफिक्स टॅबलेट म्हणत्यात तिला. आमच्या घरात मात्र तिचं नाव पाटीच पडलं.

तर आमचे हे, शिवराजराव, चितेगावला कंपनीत हायेत. स्वभावानं लई चांगले, पण कोथिंबिरीची जुडीसुद्धा एकट्यानं घेणार नायत, सोबत कुणीतरी माहितगार पायजेच! आणला मग दोस्ताला, इंद्रजीतला. आपल्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असं ह्या इंद्रजीतनं स्वतःच ठरवून टाकलंय. आला, चहा घेतला, दुसरा घेतला, अन् म्हणतो, "वहिनी, स्क्रीनवालीच घ्या. बिनस्क्रीनच्या पाटीवर हात एकीकडं अन् डोळे एकीकडं, येड लागतं माणसाला!" मी म्हटलं, "भाऊजी, रोज चपात्या लाटताना माझे डोळे दुधावर असत्यात अन् कान दारावर, लागलं का मला येड?" स्क्रीनवालीची किंमत ऐकून ह्यांनी उठून पंखा वाढवला, म्हणून बिनस्क्रीनचीच ठरली.

मग त्यानं फोनवर फोटो दाखवला, अन् बघते तर काय... पाटीची सगळी बटणं डाव्या अंगाला! म्हणजे उजव्या हातात पेन, डाव्यानं बटणं. अन् मी डावखुरी हो! लहानपणी धपाटे घालून घालून जेवणं, लिहिणं, प्रसाद घेणं सगळं उजव्या हातावर आणलं माझं. पण चित्र काय आलं नाय. उजव्या हाताला सरळ रेघ म्हणून येत नाय. तेवढं एक चित्रच राहिलं होतं डाव्या हाताकडं, तेही आता काढून घेणार का? इंद्रजीत लगेच म्हणतो, "डाव्या हाताची वेगळी येत असंल, वहिनी, शोधू!" अन् निघाली वरात!

औरंगपुऱ्यात गेलो. "पुण्याहून मागवावी लागंल!" कॅनॉटला गेलो. तिथला पोरगा म्हणतो, "मॅडम, ही घ्या, दोन्ही हातांची हाय." मी म्हटलं, "ती कशी?" तर म्हणतो, "दोन्ही हातांनी धरता येती ना!" अन् पैठण गेटचं तर सांगितलंच तुम्हाला! प्रत्येक दुकानात हे मोठ्यानं विचारणार, "डाव्या हाताची हाय का? हिला डाव्या हाताची पायजे!" अख्खी रांग वळून माझ्या हाताकडं बघणार! अरे, मला पायजे काय होतं? एक पाटी अन् एक पेन!

त्यात फुलंब्रीहून सासूबाई आल्या. आमच्या साळूबाई. माया लई, पण बोलणं कसं, खलबत्त्यात घातल्यासारखं! "मंजे, डाव्या हाताचं गावभर कशाला सांगत फिरायलीस? नवरीच्या ब्लाऊजवरचा मोर डाव्या हातानं काढत्यात व्हय? कळलं तर कोण घालंल?" खरं सांगते, लई लागलं. वाटलं, जाऊ द्या ती पाटी.

पण हे हट्टाला पेटले अन् साधीच घेऊन आले. टेबलावर ठेवली, तर वायर कॉम्प्युटरपर्यंत पोचंना! वायर निघती इकडून, कॉम्प्युटर तिकडं. हे ओढायलेत, इंद्रजीत टेबल ढकलायलाय, सासूबाई म्हणायल्यात, "फसवलं रं तुला!" शेवटी वैतागून ह्यांनी पाटीच उलटी फिरवली. वायर पोचली... अन् बटणं आली उजवीकडं!

इंद्रजीतनं कॉम्प्युटरमध्ये खुडबुड केली अन् हळूच म्हणतो, "वहिनी, इथं डाव्या हाताची सोय दिलेलीच हाय." दिलेलीच हाय! अख्खं संभाजीनगर पालथं घातलं, अन् फिरवायची होती काय? पाटी!

पण तुम्हाला सांगते, डाव्या हातात पेन धरलं, पहिला मोर काढला, अन् ओढला, तर सरकला हो! माझे डोळेच भरून आले. सासूबाई वाटाणे सोलत शेजारी बसल्या. "अगं बया! आता तिकडं ने त्याला! आता लहान कर!" जेवणाची वेळ टळली तरी मोराला फिरवत होत्या! मी म्हटलं, चला, जिंकलो.

कुठलं जिंकलो! दुसऱ्या दिवशी दीपमालाताई येणार होत्या, पोरीच्या लग्नातल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज करायचे म्हणून. सासूबाई कानाशी येऊन म्हणतात, "तिच्यासमोर तेवढं उजव्या हातानं काढ, माझी बाय." आता माझी बाय म्हटल्यावर काढणारच ना? काढला. मोर कसला, भिजलेली कोंबडी! मान एकीकडं, पिसारा दुसरीकडं, अन् पाय... पाय किती झाले तेही मला कळंना! शरमेनं मी तो पुसायला गेले, तर दीपमालाताईंनी माझा हातच धरला. "पुसू नका! काय वेगळाच मोर हाय हो! काल काढलेले ते दुसरे मोर दाखवले ना सासूबाईंनी आत्ता, ते काय, सगळीकडं मिळत्यात. सगळ्या बायकांना हाच पायजे!"

सासूबाई माझ्याकडं बघून मान डोलवायल्या, "बघ, म्हटलं नव्हतं?"

पाटी मिळाली, पेन मिळालं, हातसुद्धा मिळाला... आता गिऱ्हाइकासाठी डोळे कुठल्या दुकानात मागू?