भाच्याच्या उंचीची गाडी

नाही हो, लाल नकोच. दिसायला झकास आहे, नाही कोण म्हणतंय — पण तिच्यावर बसायचं म्हणजे पुढे ओणवं व्हायचं, शर्यतीला निघाल्यासारखं, आणि भाच्याला कुठे शर्यत लावायचीय? पहिलीच गाडी त्याची. नवशिका आहे अगदी. मला काय वाटतं, नवशिक्याला गाडी कशी हवी — मुकाट्याने ऐकणारी हवी. हाताखाली राहणारी. जरा मूठ पिळली की उधळली, असली नको. हां, ही राखाडी बघू. ही वजनाला कशी? बरं. आणि बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत हं, चवडे नाही, पूर्ण पाऊल. थांबा, मीच मोजते — टेप गळ्यात असतेच माझ्या, शिवणकाम करते ना मी, गणवेशाच्या कारखान्यात — एकोणतीस इंच. चालेल, बूट घातल्यावर चालेल. माप कशाला विचारायला पाहिजे, भाच्याचं माप तोंडपाठ आहे मला! जरा सरकता का इकडे, काचेतून पलीकडचं दिसत नाहीये. समोर ते केशकर्तनालय आहे ना, तिथे दुसऱ्या खुर्चीत आमचा दादा बसलाय. म्हणजे मोठा भाऊ. त्याच्या गळ्यात ते पांढरं कापड आहे तोवर मला सवड आहे. त्याला वाटतंय मी शेजारच्या दुकानात दोरे घेतेय — दोरेही घ्यायचेत, खोटं नाही बोलले मी.

बसून बघू? म्हणजे भाच्याची उंची माझ्याएवढीच आहे, म्हणून म्हटलं. हसताय कशाला? पोरगा बुटका असू नये का? बसते. अशी... अगंबाई, टेकले की! दोन्ही टेकले. बरं, ब्रेकचं सांगा — घाबरून एकदम दाबला तरी चाक फरफटत नाही, ते असतं ना काहीतरी — हां, एबीएस. ते पाहिजेच. नवा माणूस घाबरला की सगळं अंग आवळून दाबतो. आणि खाली आडवा दांडा बसवून मिळतो? गाडी कलंडली तर पाय अडकायला नको. स्कूटर? नको. नदीपलीकडचा रस्ता सगळा खडीचा आहे, छोटी चाकं नाचतात तिथे. अरे वा, क्लच किती हलका आहे हिचा! बटणवालीच्या गाडीचा इतका कडक आहे की दहा मिनिटांत माझं मनगट —

भाच्याचं. भाच्याचं मनगट.

जाऊ दे. तुम्हाला कळलंच आहे, उगाच कशाला तोंड लपवायचं? भाचाबिचा कुणी नाही हो. धाकट्या बहिणीला दोन्ही मुलीच. माझ्यासाठीच बघतेय. आता या वयात हे काय खूळ, असं म्हणा हवं तर — नाही म्हणालात? भले माणूस आहात. बटणवाली म्हणजे आमच्या कारखान्यात बटणं लावते ती, वाघीण आहे नुसती, स्वतःची गाडी घेऊन येते. जेवणाच्या सुट्टीत मागच्या अंगणात तिने शिकवलं मला. क्लच कसा सोडायचा, तर म्हणाली, शिलाई मशीनचं पायडल कसं सोडतेस तसा, हळूहळू — आणि एका क्षणात डोक्यात शिरलं बघा! पडले, नाही असं नाही. एकदाच पडले, कोपर सोललं. आता घरी काय सांगायचं? सांगितलं, जिन्यावरून पाय घसरला. तर दादाने काय केलं असेल? दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि सुताराला घेऊन आला, जिन्याला कठडा करायला. सागवानी, चांगला गुळगुळीत. हसू नका, अहो, मला रडू येत होतं आणि मी त्याला म्हणत होते, वा, छान झालाय. आता रोज धरून उतरते. धरला नाही तर त्याला वाईट वाटतं.

तेच तर सांगतेय. दुष्ट असता ना, तर सोपं होतं. भांडले असते कडकडून, निघून गेले असते. पण तो शब्दाने दुखवत नाही. आई जायच्या आधी तिला म्हणाला होता, हिला मी वाऱ्यावर सोडणार नाही — आणि खरंच सोडलं नाही हो, वाराच लागू दिला नाही! रोज कामावर सोडतो, रोज न्यायला येतो, ताप असला तरी येतो. बाजारात तोच सोडणार, डॉक्टरकडे तोच, मैत्रिणीकडे गेले तर बाहेर गाडीवर बसून राहणार, तू आरामात बोल म्हणे! असं कुणी बाहेर ताटकळत असताना काय बोलणार, कप्पाळ? मी आपली मागच्या सीटवर, दोन्ही पाय एका बाजूला. जाताना रस्त्याची एक बाजू दिसते, येताना दुसरी. समोरचं म्हणाल तर दादाचं हेल्मेट. वहिनी म्हणते, नशीबवान आहात, असा भाऊ कुणाला मिळतो? खरंच आहे. कुणाला मिळतो?

नाही, अजून वस्तऱ्याचं चाललंय त्याचं. वेळ आहे. तर झालं काय — इतकी वर्षं मी फक्त बाह्या लावते. एक शर्ट सहा जणींच्या हातून जातो, माझ्या वाट्याला बाही. पण नजर आहे मला कापडाची, मालकीणबाईंना ती ठाऊक आहे. नदीपलीकडे नवीन शेड घेतलीय त्यांनी, तिथलं कटिंग माझ्याकडे देतायत. सगळं! कापड पसरण्यापासून. माझ्या हाताखाली माणसं. फक्त पहाटे जावं लागणार आणि तिकडे बस नाही, म्हणून म्हणाल्या, स्वतःच्या गाडीने येणार असाल तर सोमवारी हजर व्हा, नाहीतर बटणवालीच्या बहिणीला घेते. दादाला सहज विचारून पाहिलं, तर म्हणाला, पहाटे मला जमायचं नाही गं, आणि कशाला ती दगदग? बाह्या काय वाईट आहेत? ... काय वाईट आहेत, सांगा ना तुम्हीच. मला नाही सांगता आलं त्याला.

पण आज सांगणार आहे. गाडी माझ्या नावावर लिहूनच सांगणार, म्हणजे बोलायला तोंड फुटेल. पैसे माझे आहेत, परवाना काढलाय, बटणवालीच आली होती बरोबर. तुम्ही हीच धरा, राखाडी. दांडा बसवा. नाव घाला माझं, पूर्ण — लिहिताय ना? अहो, लिहा लवकर, तो उठला बघा, केस झटकतोय —

अरे, झालं पण तुझं? छान कापलेत. नाही रे, दोरे घ्यायचेत अजून, इथे जरा... गाडी बघत होते. हो, बसले होते. सहजच. दादा, ऐक ना, मी म्हणत होते की मला — हो, हीच. राखाडी. तुला आवडली? नाही, जुनीला काय झालंय, चांगली तर आहे... माझी पाठ? दुखते कधीतरी, पण तेवढ्यासाठी नवीन कशाला — दादा, थांब ना जरा, मला बोलू दे. मला ही गाडी — मागे? आत्ता? बरं. बसते. हो, रुंद आहे गादी. नाही, पाय नाही लोंबकळत. हो रे. हो, बसायला खूप बरी आहे.

अहो, ते लिहिलेलं खोडा. काही नाही दादा, किंमत लिहून देत होते मला. तो काय विचारतोय सांगा त्याला — मागच्या चाकाला जाळी बसते का, कपडे अडकायला नकोत म्हणून. बसते? बरं झालं. आणि मागे धरायला कडी. सोमवारी सकाळी मिळेल ना, त्याला मला नवीन गाडीवरूनच कामावर सोडायचंय. हो, नाव त्याचंच घाला.

दोन किल्ल्या येतात होय? नको, दोन्ही त्याच्याकडेच द्या.