एरंडीवरचा रातकिडा

(सिंदी गाव. आश्विनातली दिवेलागण. नलूला पाहायला हिंगणघाटहून कृष्णकांत आला आहे. घरच्यांनी दोघांना बोलायला अंगणात पाठवलं आहे. आत्या आनंदाबाई ओट्यावर बसून लक्ष ठेवून आहे.)

नलू: हळू या. धक्का लागला का गप्प होते तो. ते पाहा, पानाच्या भोकात डोकं घालून बसला. भोक त्यानंच कुरतडलं.

कृष्णकांत: हा रातकिडा? इतका फिका? मला वाटलं, काळा असतो.

नलू: तो जमिनीवरचा. हा झाडावरचा. पंख उभे करून घासते, अन् पानामुळं आवाज मोठा होते. शाळेतल्या पोरींले दर साली दाखवते मी.

आनंदाबाई: नले, पाहुन्याले किडे काऊन दाखवून राह्यली वो? सैपाकाचं बोल!

नलू: पोहे खाल्ले ना त्यायनं आत्या, समजलं असन! ...ऐका. कसा वाटते आवाज?

कृष्णकांत: वा! फारच गोड.

नलू: अन् आता?

कृष्णकांत: आता तर जास्तच रंगात आलाय.

नलू: मी डहाळी हलवली. केव्हाचा गप्प आहे तो.

कृष्णकांत: अं... हो का?

नलू: पहिलेही ऐकू नवता आला ना?

कृष्णकांत: नाही. कापसाच्या जिनिंगच्या मशिनींना लागूनच माझं टेबल आहे. माणसांचं बोलणं येतं ऐकू, पण बारीक आवाज गेले. दादा म्हणाला, लग्न होईपर्यंत बोलू नकोस.

आनंदाबाई: काय म्हनते तो? ऐकू येत नाई?

नलू: किड्याचे कान कुठं असतेत, विचारून राह्यले! समोरच्या पायात, गुडघ्याखाली!

आनंदाबाई: गुडघ्यात? मंग माह्ये गुडघे दुखतेत, तर मी काय भयरी झाली?

कृष्णकांत: तुम्ही खोटं का बोललात?

नलू: सुरुवात तुमी केली. आता परीक्षा द्या. मी पाठ करून उभी राह्यते. तुमी नुसतं पाहून सांगा, कवा गाते अन् कवा थांबते.

कृष्णकांत: बरं. ...पंख उभे झाले. सुरू.

नलू: हो.

कृष्णकांत: थांबला.

नलू: बरोबर!

कृष्णकांत: पुन्हा सुरू... अहो, दुसरा कुणी आला. देठावरून. मिशा लावून बघतोय त्याला.

नलू: पंख अरुंद आहेत का त्याचे?

कृष्णकांत: हो, अंगाला चिकटलेले.

नलू: मादी हाय ती! गाणं ऐकून आली. वळू का मी?

कृष्णकांत: हळू हं, धक्का लागेल. ...पाठीवर चढली त्याच्या. काहीतरी चाटतेय.

नलू: पाठीवर रस सुटते त्याच्या, तिच्यासाठीच असते तो. अगं बाई! इतकी वर्सं पाह्यते, मले कवाच नाई दिसलं.

कृष्णकांत: नलूताई... म्हणजे, नलू. कानाचं मी आजच तुमच्या वडिलांना सांगतो. मग तुम्ही नकार दिलात तरी चालेल.

आनंदाबाई: नले, अंधार पडला! तुहा बाप विचारून राह्यला. काय सांगू त्याले?

नलू: सांग, यायले बारीक आवाज ऐकू येत नाई.

आनंदाबाई: अवं माय! मंग नकार सांगू?

नलू: नोको. मी मोठ्यानं बोलत जाईन, म्हन.